मुद्रा, मन आणि मिताक्षरा

देवस्थानच्या वार्षिक सभेचा एक प्रसंग वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. पालखीचा उत्सव नुकताच आटोपला आहे. सभामंडपात सतरंज्या अंथरल्या आहेत, महाजन मंडळी बसली आहेत, आणि जमाखर्चाच्या वहीतील आकड्यांशी दानपेटीतील रकमेचा मेळ काही केल्या बसत नाही. पेटीची किल्ली ज्याच्याकडे असते तो तरुण सेवेकरी उत्तर देण्यास उभा राहतो. त्याचा कंठ कोरडा पडतो, कपाळावर घाम येतो, नजर जमिनीकडे वळते, शब्द अडखळतात. त्याचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच मंडपातील दहा जणांच्या मनात निकाल लागून गेलेला असतो. ‘बोलायला नकोच, तोंडच सांगते आहे,’ असे कोणीतरी शेजाऱ्याच्या कानात कुजबुजतो.

प्रसंग कल्पित आहे. परंतु असे काही आपल्या पाहण्यात कधीच आले नाही, असे म्हणणारा वाचक विरळाच निघेल. घरात, पेढीवर, शाळेत, कचेरीत आपण सारेच मुद्रा पाहून माणसाची पारख करीत असतो, आणि ही विद्या आपल्याला अवगत आहे अशी जवळजवळ प्रत्येकाची मनोमन खात्री असते. तोंड खरोखरच सांगते काय? आणि सांगत असेल, तर नेमके काय सांगते? हा प्रश्न आजच्या मानसशास्त्राने नव्याने उपस्थित केलेला दिसला तरी तो नवा नाही. त्याचा अत्यंत बारकाईने विचार केलेला एक ग्रंथ आपल्या दक्षिणेतच, पूर्वीच्या हैदराबाद राज्याच्या भूमीवर, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी लिहिला गेला. त्या ग्रंथाची, आणि त्याच राज्यात पुढे घडलेल्या एका विलक्षण फसवणुकीची हकीकत येथे सांगावयाची आहे.

मनातील भाव शरीरावर उमटतो, ही गोष्ट आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी गृहीतच धरली होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, न्यायासनावर बसलेल्या राजाने स्वर, वर्ण, इंगित, आकार, डोळे आणि हालचाली या बाह्य खुणांवरून माणसांचे अंतरंग ओळखावे, असे सांगितले आहे. कौटिल्याने तर ‘इंगित’ आणि ‘आकार’ या शब्दांची व्याख्याच केली. नेहमीहून निराळे वागणे ते इंगित, आणि चेहऱ्यावर वा देहावर दिसणारी ठेवण तो आकार. राजाच्या अन्नात विष कालवणारा कसा ओळखावा हे सांगताना त्याने लक्षणांची यादी दिली आहे. तोंड सुकलेले व काळवंडलेले असणे, बोलताना शब्द अडणे, घाम येणे, वारंवार जांभई येणे, अंगाला कंप सुटणे, ठेच लागणे, बोलता बोलता इकडेतिकडे पाहणे, हातातील कामात चित्त नसणे आणि आपल्या जागी स्थिर न राहणे, ही ती लक्षणे होत. पाकशाळेच्या दाराशी उभे राहून माणसे न्याहाळल्याखेरीज अशी यादी तयार होत नाही.

न्यायसभेपुरते पाहिले तर याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायातील तीन श्लोक या विषयाचे मूळ म्हणता येतील. खोटा वादी किंवा खोटा साक्षीदार कसा ओळखावा, हे तेथे सांगितले आहे. तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सरकतो, ओठांच्या कडा जिभेने चाटतो, कपाळाला घाम सुटतो, चेहऱ्याचा रंग उतरतो, वाणी कोरडी पडून अडखळते, परस्परविरुद्ध असे पुष्कळ बोलतो, समोरच्याच्या प्रश्नाला आणि नजरेला नीट उत्तर देत नाही, ओठ मुडपतो. थोडक्यात, मनाने, वाणीने व शरीराने तो आपल्या स्वाभाविक स्थितीपासून ढळलेला दिसतो. असा मनुष्य आरोप करताना वा साक्ष देताना आढळला तर तो ‘दुष्ट’ समजावा, असे स्मृतिकार सांगतात.

स्मृती येथे थांबते. एखाद्या उतावळ्या न्यायाधीशाने हे श्लोक पाठ केले असते, तर आपल्या सभामंडपातील त्या तरुणाची धडगत नव्हती. परंतु स्मृतीवर भाष्ये झाली, आणि त्यांपैकी सर्वांत प्रतिष्ठा पावलेले भाष्य म्हणजे विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’.

मिताक्षरा हे नाव आपल्या घराण्यांत बहुधा वाटणीच्या दाव्याच्या निमित्ताने कानावर पडते. बंगालकडील दायभाग सोडल्यास एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचा कायदा बहुतेक भारतात याच ग्रंथावर उभा राहिला. १८१० मध्ये कोलब्रुक याने त्यातील दायविभागाच्या प्रकरणाचे इंग्रजी भाषांतर केले, आणि तेव्हापासून इंग्रजी अमदानीतील न्यायालयांत त्याचा उल्लेख नित्याचा झाला. परंतु हा ग्रंथ कोठे लिहिला गेला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हैदराबादहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने निघाले की जहीराबादच्या पुढे हुमनाबाद लागते. माणिकप्रभूंच्या माणिकनगरला दर्शनास गेलेल्या भाविकांना हा रस्ता परिचित आहे. त्याच टापूत बसवकल्याण आहे. अकराव्या शतकात हेच चालुक्यांचे राजधानीचे नगर ‘कल्याण’ होते. सहावा विक्रमादित्य १०७६ पासून १११६ च्या पुढे, १‍१२६ पर्यंत, तेथे राज्य करीत होता, आणि त्याच्याच कारकीर्दीत विज्ञानेश्वराने आपले भाष्य रचले. ग्रंथाच्या अखेरीस त्याने नगराचा आणि राजाचा गौरवाने उल्लेख केला आहे. पुढे बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या वास्तव्याने हे नगर पुनीत झाले, आणि त्यांचेच नाव आज ते धारण करते. निजामी अंमलात कल्याण हैदराबाद संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बीदर जिल्ह्याबरोबर ते म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले.

त्या तीन श्लोकांवर भाष्य करताना विज्ञानेश्वर प्रथम प्रत्येक लक्षणाचा अर्थ स्पष्ट करतो. नंतर मात्र तो एक अशी मर्यादा घालतो की ती वाचून आजचा विधिज्ञही क्षणभर थांबेल. तो म्हणतो की, ही लक्षणे केवळ दोषाची शक्यता दाखविण्यासाठी सांगितलेली आहेत, दोषाचा निश्चय करण्यासाठी नव्हेत. कारण मनुष्याच्या ठायी दिसणारा विकार स्वाभाविक आहे की काही निमित्ताने उत्पन्न झालेला आहे, यांतील भेद कळणे दुष्कर असते. कोणाला मुळातच घाम अधिक येतो, कोणाची जीभ जन्मतः अडखळते, कोणी चारचौघांत उभा राहिला की त्याचा चेहरा आपोआप उतरतो. सभेतील माणसाला त्याचा रोजचा स्वभाव ठाऊक नसेल, तर स्वभावापासून तो ढळला की नाही हे त्याने ठरवावे कसे?

येथे एखादा म्हणेल की, सामान्य माणसाला हा भेद कळत नसेल, पण तीक्ष्ण बुद्धीच्या अनुभवी न्यायाधीशाला तर कळेल ना? विज्ञानेश्वराला ही शंका अपेक्षितच होती. एखाद्या निपुण मनुष्याला हा भेद उमगला असे मानले, तरीसुद्धा तेवढ्यावरून पराजयाचा निकाल देता येत नाही, असे तो बजावतो, आणि त्यासाठी एक दाखला देतो. एखाद्याच्या ठिकाणी मरणाची चिन्हे दिसली, म्हणून त्याचे और्ध्वदैहिक कोणी आधीच उरकून घेत नाही. चिन्हे खरी असतील, पाहणारा वैद्य निष्णात असेल, रोगी खरोखरच जाणार असेल. तरी मरण घडण्यापूर्वी मृताचे संस्कार करावयाचे नसतात. तद्वतच, मुद्रेवरून दोष दिसला तरी तो शाबीत होण्यापूर्वी शिक्षेचा अथवा पराजयाचा विधी करावयाचा नसतो.

दाखला घरगुती आहे, परंतु त्यात दोन निराळे मुद्दे गुंफलेले आहेत. पहिला मुद्दा ज्ञानाचा आहे. चिन्हे संदिग्ध असतात, घाम भीतीचाही असतो आणि अपराधाचाही असतो. दुसरा मुद्दा न्यायाचा आहे, आणि तो अधिक खोल आहे. न्यायाधीशाचा अंदाज बरोबर असला तरी अंदाज हा पुरावा होत नाही. याज्ञवल्क्याने प्रमाणे कोणती हे स्वतंत्रपणे सांगितले आहे. लेख, भोगवटा आणि साक्षीदार ही ती तीन मानवी प्रमाणे, आणि त्यांपैकी काहीच नसेल तर शेवटी दिव्य. या गणनेत चेहऱ्याला स्थान नाही. चेहरा पाहून चौकशी अधिक कसून करावी. परंतु निकालपत्रात त्याला प्रमाण म्हणून बसविता येणार नाही.

एवढी सावधगिरी कशासाठी, हे कळण्यास आपल्या परंपरेतील एक कथा पुरेशी आहे. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषीची कथा येते. चोरांनी त्याच्या आश्रमात चोरीचा माल लपविला आणि ते स्वतःही तेथेच दडून बसले. पाठलाग करणारे राजपुरुष आले व त्यांनी ऋषीला विचारले, परंतु त्याचे मौनव्रत चालू असल्याने त्याने उत्तर दिले नाही. माल सापडला, चोर सापडले, आणि ऋषीचे मौन म्हणजे अपराधाची कबुली असे समजून राजाने त्यालाही सुळावर चढविले. पुढे सुळाचे टोक अंगात राहिल्याने तो अणीमांडव्य म्हणून ओळखला गेला. ही कथा आपण कीर्तनात बहुधा यमधर्माला झालेल्या शापासाठी आणि विदुराच्या जन्मासाठी ऐकतो. परंतु तिच्या पूर्वार्धात एका गप्प राहिलेल्या माणसाची मुद्रा चुकीची वाचली गेली आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

कौटिल्याच्या ते ध्यानात आले होते. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात संशयिताच्या चौकशीचा अध्याय आहे. तेथे तो मांडव्याचे नाव घेतो. त्याच्या पाठातील मांडव्य मौन पाळीत नाही. छळाच्या भीतीने, चोर नसताना, आपण चोर असल्याचे तो सांगून टाकतो. चोराच्या वाटेवर योगायोगाने सापडलेला, चोरासारखी वस्त्रे वा शस्त्रे असलेला, किंवा चोरीच्या मालाजवळ उभा असलेला मनुष्य चोर नसतानाही पकडला जातो, असे सांगून तो पुरावा पुरा करूनच निर्णय करावा असे बजावतो. त्याच अध्यायात अपराध्याला द्यावयाच्या यातनांचे प्रकारही नोंदलेले आहेत, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. कौटिल्य कोमल हृदयाचा लेखक नव्हे. आणि म्हणूनच त्याच्यासारख्या कठोर राज्यशास्त्रज्ञाने केलेल्या या इशाऱ्याचे वजन अधिक आहे.

आतापर्यंत आपण निरपराध्याच्या घामाचा विचार केला. आता या प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. अपराध्याच्या चेहऱ्यावर घाम येतोच काय? याचे उत्तर ज्या घटनेत सापडते तीही हैदराबाद राज्यातीलच, आणि तीही मराठवाड्यातील आहे.

नामदेवरायांची नरसी ज्या हिंगोलीजवळ आहे, त्या हिंगोलीस एकोणिसाव्या शतकात निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी त्या काळी निजामाच्या नोकरीत होता. ठगांच्या टोळ्यांचा बंदोबस्त सुरू झाला तेव्हा पकडलेल्या ठगांच्या जबान्या त्याने ऐकल्या, आणि १८३९ मध्ये त्यांच्या आधारे ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध केली. कादंबरी कल्पित असली तरी तिच्या प्रस्तावनेत त्याने स्वतःच्या अनुभवातील हिंगोलीची हकीकत दिली आहे.

हरिसिंग नावाचा एक व्यापारी हिंगोलीस राहत असे. गावात त्याची पत होती, आणि खुद्द टेलरने व इतर अनेकांनी त्याच्याशी व्यवहार केलेला होता. एकदा त्याने जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला. तसे कापड घेऊन शेजारच्या गावचा एक व्यापारी वाटेत आहे, हे त्याला आधीच कळलेले होते. परवाना हाती पडल्यावर हरिसिंगाने त्या व्यापाऱ्याला गाठले, त्याला व त्याच्याबरोबरच्या नोकरांना आणि गुरे हाकणाऱ्यांना ठार केले, आणि त्याच परवान्याच्या आधारे तो माल हिंगोलीत आणून छावणीत उघडपणे विकला. पुढे तो पकडला गेला आणि त्याने स्वतःच ही गोष्ट सांगितली, तेव्हा ती उजेडात आली. सांगताना त्याला खेद तर नव्हताच, उलट एखादी मोठी गंमत सांगावी तसे तो ते सांगत होता. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर माणसे मारली गेली होती, आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून फार दूर नसलेल्या जागी ती पुरली गेली होती. त्यांतील काही खड्डे उकरताना टेलर स्वतः हजर होता.

या हकीकतीतील परवाना मागण्याचा क्षण विचार करण्याजोगा आहे. मनात खुनाचा बेत घेऊन एक मनुष्य अधिकाऱ्यासमोर उभा आहे. याज्ञवल्क्याची यादी खरी मानली तर त्याचे ओठ कोरडे पडावयास हवे होते. रेनॉल्ड्सला काही दिसले नाही, आणि ज्यांनी त्याच्याकडून माल विकत घेतला त्या छावणीतील अनेक डोळ्यांनाही काही दिसले नाही. ठगांचा धंदाच मुळी विश्वास संपादन करण्यावर चालत असे. वाटसरूंशी गोड बोलून त्यांना आपल्या काफिल्यात ओढून आणण्याचे काम टोळीतील ठराविक माणसांकडे असे. ज्याचा चेहरा दगा देई, तो या धंद्यात टिकणेच शक्य नव्हते.

ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्धी पावलेला स्लीमन याचाही अनुभव असाच. १८२२ ते १८२४ या काळात तो नर्मदाकाठच्या नरसिंहपूर जिल्ह्याचा अधिकारी होता. आपल्या जिल्ह्यात घडणारी कोणतीही चोरी आपल्या नजरेतून सुटत नाही, असा त्याचा समज होता. त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत असलेल्या कंदेली गावात ठगांची एक टोळी राहत होती, आणि हे त्याला अनेक वर्षांनंतर कळले. त्याने ही गोष्ट स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे.

ठगांचा छडा पुढे लागला तो कोणाच्या मुद्रेवरून नव्हे. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या स्वतंत्रपणे घेऊन त्या एकमेकींशी ताडून पाहण्यात आल्या, आणि त्यांनी दाखविलेल्या जागा खणून प्रेते काढण्यात आली. या पद्धतीतही दोष होते. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध होणे एवढेच जन्मठेपेस पुरेसे ठरविले, आणि माफीच्या आशेने दिलेल्या जबान्यांवर कितपत विसंबावे याविषयी अलीकडच्या इतिहासकारांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. परंतु खणलेल्या जमिनीतून निघालेले प्रेत आणि अधिकाऱ्याला वाटलेला संशय यांतील अंतर त्या काळीही स्पष्ट झाले होते.

मग मुद्रा पाहणे निव्वळ व्यर्थ म्हणावे काय? तसे म्हणणेही सत्याला सोडून होईल. देवलांमुळे मराठी रंगभूमीला प्रिय झालेल्या ‘मृच्छकटिका’च्या मूळ संस्कृत नाटकातील न्यायसभा आठवावी. वसंतसेनेचा गळा दाबणारा शकार स्वतःच फिर्यादी म्हणून उभा राहतो. कोणीतरी तिला मारले असे सांगताना, मी नव्हे, अशा अर्थाचे शब्द त्याच्या तोंडून निसटतात आणि तो चटकन तोंडावर हात ठेवतो. न्यायाधीश ते हेरतो आणि लेखकाकडून लिहवून घेतो. शकार ते पायाने पुसून टाकतो. त्याच सभेत चारुदत्ताचे मुख पाहून, असा मनुष्य हे कृत्य करील हे न्यायाधीशाला पटत नाही. म्हणजे दोन्ही मुद्रा त्याने अचूक वाचल्या होत्या. तरीही दागिने पुढे आले, परिस्थिती चारुदत्तावर उलटली, आणि निकाल त्याच्याविरुद्ध गेला. न्यायाधीशाची चूक मुद्रा वाचण्यात झाली नव्हती. त्या मुद्रेने दिलेल्या इशाऱ्याचा मागोवा घेऊन त्याने पुढील चौकशी पुरी केली नाही, शकाराला त्या निसटलेल्या शब्दांवर खोदून विचारले नाही, ही त्याची चूक होती. विज्ञानेश्वराने सांगितलेली ‘शक्यता’ नेमकी याच कामासाठी असते.

चेहऱ्यावर निर्णय सोपविता येत नाही, आणि साक्षीदार तर मिळत नाहीत, अशा अडचणीत सापडलेल्या समाजाने निश्चिततेसाठी इतर मार्ग शोधले. मराठी अमदानीत गोतसभेपुढे वतनाचे तंटे येत, तेव्हा साक्षीदारांना देवळात किंवा नदीकाठी शपथ घालून बोलते करीत. तेवढ्याने न भागले तर रवादिव्य होई; तापलेल्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढावयाचा, मग हातावर पिशवी बांधून मोहोर करावयाची, आणि ठरल्या दिवशी ती सोडून हात पाहावयाचा. मनुष्याच्या अंतःकरणात शिरता येत नाही म्हणून त्याच्या कातडीला प्रश्न विचारावयाचा, असाच हा प्रकार होता.

आपल्या काळात दिव्याची जागा यंत्राने घेतली. ज्याला असत्यशोधक यंत्र म्हणतात ते पॉलिग्राफ श्वासाची गती, नाडी, रक्तदाब आणि त्वचेवरील घाम यांची नोंद करते. याज्ञवल्क्याच्या श्लोकातील घामाने भिजलेले कपाळच येथे कागदावरील रेषेत उतरले आहे. म्हणून त्याची जुनी अडचणही त्याच्याबरोबर आली आहे. घाम आला हे यंत्र सांगते. तो भीतीचा, लाजेचा, संतापाचा की अपराधाचा, हे ते सांगू शकत नाही.

हैदराबाद नगराचा या नव्या विद्येशी निकटचा संबंध आहे. १९४८ मध्ये अबूच्या पहाडावर स्थापन झालेली पोलीस अधिकाऱ्यांची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था १९७५ मध्ये हैदराबादला आली, आणि आज ती सरदार वल्लभभाई पटेल यांच्या नावाने ओळखली जाते. भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी तेथे घडतात. केंद्रीय न्यायसहायक विज्ञान प्रयोगशाळाही या नगरात आहे. ज्या भूमीवर रेनॉल्ड्सच्या डोळ्यांनी हरिसिंगाला ओळखले नाही, त्या भूमीवरच आज देशभरचे तरुण अधिकारी तपासाची विद्या शिकतात. म्हणून आधुनिक संशोधन या विषयात काय सांगते, हे पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

१८७२ मध्ये डार्विनने मनुष्य व प्राणी यांच्या भावदर्शनावर ग्रंथ लिहिला, आणि विसाव्या शतकात पॉल एकमन याने चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींचे बारीक वर्गीकरण केले. क्षणार्धात उमटून मावळणाऱ्या मुद्रांवरून लपविलेला भाव कळतो, हे त्याचे मत पुष्कळ गाजले. परंतु सत्यवक्त्याची भीती पाहून त्याला खोटा ठरविण्याच्या चुकीला ‘ऑथेल्लोची चूक’ असे नाव देणाराही एकमनच होता. शेक्सपियरच्या नाटकात डेस्डिमोनाची भीती पाहून ऑथेल्लोला ती अपराधी वाटते, हे वाचकांना आठवत असेल. २००३ मध्ये बेला डिपाउलो आणि तिच्या सहकाऱ्यांनी दीडशेहून अधिक लक्षणांची छाननी केली, तेव्हा त्यांतील बहुतेकांचा खोटेपणाशी संबंध अगदी दुबळा किंवा मुळीच नसल्याचे आढळले. २००६ मध्ये बाँड आणि डिपाउलो यांनी जगभरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. त्यांत सुमारे २४ हजार माणसांनी इतरांचे खरेखोटे ओळखण्याचा प्रयत्न केला होता. त्यांचे निर्णय सरासरी शंभरांत ५४ वेळा बरोबर निघाले. नाणे उडवून ठरविले असते तर ५० वेळा बरोबर आले असते.

याच संशोधनात आणखी एक गोष्ट पुढे आली. खोटे बोलणारा डोळ्याला डोळा देत नाही, ही समजूत अनेक देशांत सर्वाधिक रूढ असल्याचे दिसले. परंतु नजर चुकविण्याचा खोटेपणाशी विश्वासार्ह संबंध आढळला नाही. आपल्याकडे तर वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणे हा विनय समजला जातो. घरातील सून, गावातील कूळ, देवळातील सेवेकरी यांना पिढ्यान्पिढ्या आपणच खाली पाहावयास शिकविले, आणि न्यायनिवाड्याच्या वेळी तीच खाली गेलेली नजर त्यांच्या अंगावर पुरावा म्हणून ढकलावयाची, हा अन्याय किती सहज घडू शकतो याचा विचार करावा.

आपल्या कायद्यानेही या प्रश्नात मधला मार्ग स्वीकारलेला दिसतो. साक्ष नोंदविताना साक्षीदाराच्या वर्तनाविषयी महत्त्वाचे वाटेल ते न्यायाधीशाने टिपून ठेवावे, अशी तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २८० व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ती राखली आहे. टिपून ठेवावे, एवढेच ती सांगते. दुसऱ्या बाजूस, ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, कोणाही व्यक्तीवर तिच्या इच्छेविरुद्ध पॉलिग्राफ, मेंदूच्या लहरींची तपासणी किंवा औषध टोचून केलेली नार्को चाचणी लादता येणार नाही. तसे करणे राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या उपखंडाचा आणि २१ व्या अनुच्छेदाचा भंग होय. मनुष्याच्या देहाकडून त्याच्याविरुद्ध साक्ष बळाने वदवून घेऊ नये, हा त्या निर्णयाचा आशय. तो वाचताना कल्याणच्या त्या भाष्यकाराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दोघांची कारणमीमांसा एक नाही, काळ आणि राज्यव्यवस्था तर सर्वस्वी निराळ्या आहेत. परंतु दोघांनीही देहाच्या खुणा आणि न्याय यांच्यामध्ये एक पायरी राखून ठेवली.

आता पुन्हा आपल्या सभामंडपात येऊ. तो तरुण अजून उभाच आहे. त्याचा घाम आपण पाहिला, आणि तो पाहिलाच नाही असे सोंग करण्याचे कारण नाही. त्या घामावरून एवढेच करावे की त्याला बसावयास सांगावे, पाणी द्यावे, आणि सावकाश, एकट्याने, दरडावणी न करता विचारावे. किल्ली आणखी कोणाकडे होती, पेटी शेवटची कोणापुढे उघडली, मोजणीच्या वेळी कोणाच्या सह्या झाल्या, पावतीपुस्तक कोठे आहे, हे तपासावे. तो दोषी असेल तर वहीतून ते निघेल. आणि ज्याची मुद्रा शांत आहे, ज्याची गावात पत आहे, ज्याच्याशी आपण सर्वांनीच व्यवहार केलेला आहे, अशा माणसालाही तेच प्रश्न तितक्याच निःसंकोचपणे विचारावे. कारण हिंगोलीच्या बाजारात कापड विकणाऱ्याचा चेहराही शांतच होता.

चुकीचा निकाल एकदा मंडपात उच्चारला गेला की तो सहसा परत घेता येत नाही. पुढे पैसे सापडतात, हिशेबातील चूक उमगते, परंतु त्या तरुणाचे देवळात येणे थांबलेले असते आणि त्याच्या आईला हळदीकुंकवाला बोलावणे येईनासे झालेले असते. जिवंत माणसाचे और्ध्वदैहिक करू नये, असे विज्ञानेश्वराने सांगितले ते न्यायाधीशांना उद्देशून. चार लोकांत बसून दुसऱ्याच्या मुद्रेवर मत देणाऱ्या आपणा सर्वांनाही ते तितकेच लागू आहे.